पाठ वगळला, गोळी उरली

आतड्यातील संप्रेरके सध्या देशाच्या बातम्यांत आहेत. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड भारतीय बाजारात उतरले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड आले. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, म्हणून स्वदेशी आवृत्त्या किती स्वस्त पडतील याचे हिशेब अर्थविषयक पानांपासून विज्ञानविषयक पानांपर्यंत मांडले गेले. या मजकुरात किती किलो वजन घटते ते असते, महिन्याचा खर्च असतो, कंपन्यांच्या समभागांची चढउतार असते. ज्याच्या नावावर हे सारे चालते ते संप्रेरक मात्र त्यात नसते. ते शरीरात कोठे स्रवते, कशामुळे स्रवते, कोणाला आवरते आणि त्याला कोण आवरते, यावर एखादे वाक्यही क्वचितच खर्च होते.

याच देशात २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या निमित्ताने एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रातून ‘पचन आणि शोषण’ हे प्रकरण वगळण्यात आले. २०२४ च्या नीट परीक्षेच्या अभ्यासक्रमातूनही ते गेले. दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती आणि आवर्तसारणी गेली तेव्हा वैज्ञानिकांनी पत्रके काढली, सह्या गोळा केल्या. पचनासाठी तसा आवाज उठला नाही. पचन म्हणजे काय मोठे शास्त्र, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची समजूत असावी.

या दोन घटनांच्या मध्ये तिसरी एक गोष्ट उभी आहे आणि ती कधीच बातमी होत नाही. ती म्हणजे ॲसिडिटीची गोळी. तापाच्या औषधांबरोबर, प्रतिजैविकांबरोबर, कंबरदुखीच्या मलमाबरोबरसुद्धा चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहिली जाणारी, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि एकदा सुरू झाली की बंद कधी करायची हे कोणीच न सांगितलेली. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या औषधांच्या वेष्टनावर शेड्यूल एच चा इशारा छापलेला असतो. चिठ्ठीविना विक्री करू नये, असे त्याचे सरळ सांगणे आहे. ते सांगणे किती पाळले जाते, हे कोणत्याही गावातील औषधाच्या दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहिल्यावर कळते.

संप्रेरकाच्या इंजेक्शनची बातमी होते, संप्रेरकांचा पाठ वगळला जातो आणि त्याच संप्रेरकांचा तोल रोज हलवणारी गोळी निर्धोक म्हणून वाटली जाते. या तीन गोष्टींचा परस्परसंबंध न दिसणे हे आजच्या विज्ञानवार्तेचे अपयश आहे.

संबंध समजण्यासाठी आधी जठर समजावे लागते. जठररसाचा पीएच दीडच्या आसपास असतो, रक्ताचा ७.४. हा फरक दिसायला सहा अंकांचा. पण पीएच ही लघुगणकी मोजपट्टी आहे. जठरातील हायड्रोजन आयनांची तीव्रता रक्ताच्या तुलनेत सुमारे दहा लाख पट असते. जठराच्या भित्तिकेतील पेशी हे आयन चढावर ढकलतात आणि त्यासाठी एटीपीची ऊर्जा जाळतात. शरीराने एवढा खर्च विनाकारण मांडलेला नाही, आणि एवढे दाहक रसायन बेबंदही सोडलेले नाही.

आम्ल स्रवणाऱ्या पेशीला तीन ठिकाणांहून आदेश मिळतो. अन्नाच्या वासाने, चवीने, नुसत्या आठवणीनेही व्हेगस चेता जागी होते आणि तिच्याकडून ॲसिटिलकोलीन येते. जठराच्या खालच्या भागातील जी-पेशी अन्नातील प्रथिनांचे तुकडे ओळखून गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. ते गॅस्ट्रिन शेजारच्या दुसऱ्या पेशींना हिस्टामिन सोडायला लावते आणि हिस्टामिनमुळे आम्लाचा पंप जोराने चालतो. आदेश देणारे तिघे, तसे लगाम धरणारेही आहेत. जठरातील पीएच तीनच्या खाली उतरला की डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि ते गॅस्ट्रिनला आवरते. आम्ल वाढले की आम्लच स्वतःला थांबवते. अभियांत्रिकीचा विद्यार्थी याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणेल. खोलीचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचे तत्त्व तेच आहे.

हे नियमन जठरापाशी संपत नाही. आम्लयुक्त अन्न लहान आतड्याच्या आरंभी पोहोचले की तेथील एस-पेशी सिक्रेटिन सोडतात. त्याच्या सांगण्यावरून स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस ओतते, आम्ल शमते आणि वरच्या जठरालाही आता पुरे असा निरोप जातो. स्निग्ध पदार्थ व प्रथिने आली की कोलेसिस्टोकायनिन पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते, स्वादुपिंडाकडून विकरे मागवते आणि जठराचे दार थोडे लोटून घेते, म्हणजे पुढचा घास आतड्याची तयारी झाल्यावरच यावा. त्यापुढे जीआयपी आणि जीएलपी-१ येतात. रक्तात साखर चढू लागल्यावर इन्सुलिनला हाक मारणे हे दोघांचेही काम. जीएलपी-१ त्याशिवाय जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि तृप्तीची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवते. हे नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकते. आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमाग्लुटाइड हे त्याचेच दीर्घायुषी केलेले रूप. इंजेक्शन घेणाऱ्यांना मळमळ का होते, चार घासांत पोट का भरते, याचे बरेचसे उत्तर या एका परिच्छेदात आहे. बातम्यांत ते नाही.

पाठ्यपुस्तकात तरी ते आहे का? पचनाचे प्रकरण गेले, पण रासायनिक समन्वयाच्या प्रकरणात या संप्रेरकांसाठी चार-पाच वाक्ये उरली आहेत. गॅस्ट्रिन, सिक्रेटिन, कोलेसिस्टोकायनिन आणि जीआयपी अशी चार नावे, प्रत्येकाचे एक काम. जीआयपीचे तेथे दिलेले काम म्हणजे जठराचा स्राव व हालचाल रोखणे. हे त्या संप्रेरकाचे जुने नाव आणि जुनी ओळख. इन्सुलिनला चालना देणे हे त्याचे प्रमुख कार्य असल्याचे लक्षात आल्यावर शास्त्रज्ञांनी इंग्रजी आद्याक्षरे तीच ठेवून त्याचे नावच बदलले, त्यालाही आता काही दशके लोटली. टिर्झेपेटाइड ज्या दोन ग्राहींवर काम करते त्यांतील एक जीआयपीचा आणि दुसरा जीएलपी-१ चा. पहिल्याची पुस्तकात जुनी ओळख, दुसऱ्याचे नावही नाही. देशातील सर्वांत गाजलेले औषध ज्या शास्त्रावर उभे आहे, ते शास्त्र उद्याच्या डॉक्टरला नीटच्या तयारीत पाठांतरापुरतेही पुरे भेटत नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकात पचन शाबूत असले, तरी जे नीटमध्ये नाही ते शिकवणीवर्गात नाही, आणि जे शिकवणीवर्गात नाही ते विद्यार्थ्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

यावर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात हे सारे शिकवले जाते, असे उत्तर मिळेल. ते खरे आहे. परंतु नीट देणाऱ्या लाखोंपैकी डॉक्टर होणारे थोडे. गोळी गिळणारे मात्र सारेच. शालेय विज्ञान डॉक्टर घडवण्यासाठी नसते. डॉक्टरला प्रश्न विचारू शकणारा नागरिक घडवण्यासाठी ते असते, आणि नेमका तोच नागरिक या कपातीत कापला गेला.

वगळलेल्या पाठाबरोबर काय गेले, ते इतिहासात दिसते. ‘हॉर्मोन’ हा शब्दच पचनाच्या अभ्यासातून जन्मला. पाव्हलॉव्हच्या प्रभावामुळे पचनाचे सारे सूत्रसंचालन चेतासंस्था करते, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानले जाई. जानेवारी १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाला येणाऱ्या चेता तोडल्या आणि त्यात आम्ल सोडले. स्वादुपिंड तरीही स्रवू लागले. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लासह कुटून, तो अर्क रक्तात टोचला. पुन्हा तोच परिणाम. निरोप तारेने जात नव्हता, रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि १९०५ मध्ये अशा सर्वच निरोप्यांसाठी स्टार्लिंगने हॉर्मोन हा शब्द रूढ केला. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आला आणि त्याने आपली चूक मान्य केली.

गॅस्ट्रिनची कहाणी अधिक कडू आहे. १९०५ मध्येच एडकिन्स याने ते असल्याचे सांगितले. पुढे जठराच्या अस्तरात हिस्टामिनही असते असे आढळले आणि एडकिन्सचा अर्क म्हणजे नुसते हिस्टामिन, असा निकाल देऊन विद्वान मोकळे झाले. १९४० मध्ये एडकिन्स वारला. लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी शुद्ध गॅस्ट्रिन हाती दिले ते १९६४ मध्ये. पुरावा मान्य करण्याचा उमदेपणा आणि पुरावा पुरा होण्याआधी निकाल देण्याची घाई, विज्ञानाच्या या दोन्ही बाजू एकाच अवयवाच्या इतिहासात शेजारी आहेत. एवढे शिक्षणमूल्य असलेला विषय ‘भार’ म्हणून उतरवला गेला.

आता गोळीकडे वळावे. प्रोटॉन पंप रोखणारी ही औषधे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि त्यांनी माणसे वाचवली, याविषयी वाद नाही. त्याआधी अल्सरसाठी जठराचे तुकडे कापले जात, व्हेगस चेता छाटली जाई. रक्तस्राव होणारा अल्सर, अन्ननलिकेला जखमा करणारा आम्लाचा उलटा प्रवाह, हेलिकोबॅक्टर जंतूच्या उच्चाटनाचा उपचारक्रम, गॅस्ट्रिनचा पूर आणणारी झोलिंजर-एलिसनची गाठ, वृद्धापकाळात किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घ्यावी लागणारी वेदनाशामके, या ठिकाणी ती आवश्यक आहेत. अशा रुग्णांनी कोणताही लेख वाचून गोळी सोडू नये. आक्षेप औषधावर नाही. कारणाविना आणि मुदतीविना दिलेल्या औषधावर आहे.

कारण थर्मोस्टॅटसमोर बर्फ धरला तर काय होते, हे कोणालाही सांगता येईल. खोली थंड झाल्याचे समजून तो हीटर जोरात चालवतो. गोळीने आम्ल दाबले की पीएच चढतो, डी-पेशी गप्प होतात, सोमॅटोस्टॅटिन घटते आणि लगाम सुटलेले गॅस्ट्रिन रक्तात वाढत जाते. हे वाढलेले गॅस्ट्रिन हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींची वाढही घडवते. पंप बंद आहे तोवर यातले काही जाणवत नाही. गोळी थांबली की साठलेल्या साऱ्या आज्ञा एकदम अमलात येतात आणि आम्ल पूर्वीपेक्षा अधिक स्रवते.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निम्म्यांना आठ आठवडे खरी गोळी आणि नंतर चार आठवडे खोटी गोळी दिली गेली. उरलेल्यांना बाराही आठवडे खोटीच. यांच्यापैकी कोणालाही आधी ॲसिडिटीचा त्रास नव्हता. शेवटच्या चार आठवड्यांत खोटी गोळीच घेत आलेल्यांपैकी १५ टक्क्यांना आम्लाशी निगडित त्रास जाणवला. खरी गोळी घेऊन थांबलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. ज्यांना रोग नव्हता त्यांना औषधाने लक्षणे दिली. घराघरांत हा प्रयोग रोज होतो, फक्त त्याचा निष्कर्ष उलटा काढला जातो. गोळी चुकली, जळजळ झाली, म्हणजे गोळी किती गरजेची होती पाहा! फीडबॅकचा पाठ शिकलेला माणूस एवढ्या सहज फसणार नाही.

विरोधी बाजूकडे एक चांगले उत्तर आहे आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या गोळ्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो, हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडे जातात, अशा भीतीदायक बातम्या वर्षानुवर्षे फिरत आहेत. त्यांचा पाया बहुधा निरीक्षणात्मक अभ्यासांचा असतो, आणि आजारी माणसेच अधिक गोळ्या घेतात हे त्यांतून वजा करणे अवघड असते. २०१९ मध्ये १७ हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. सुमारे तीन वर्षे निम्म्यांना पॅन्टोप्राझोल, निम्म्यांना खोटी गोळी. भीतीच्या यादीतील बहुतेक गोष्टींत फरक आढळला नाही. एका गोष्टीत आढळला: आतड्याचे जंतुसंसर्ग. खोटी गोळी घेणाऱ्यांत १ टक्का, खरी घेणाऱ्यांत १.४ टक्के.

एवढासा फरक, म्हणून तो सोडून देता येईल. पण ज्या देशात नळाच्या पाण्यात गटार मिसळल्याच्या आणि गॅस्ट्रोच्या साथीच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, त्या देशाने तरी तो सोडू नये. जठरातील आम्ल ही पाण्यातून येणाऱ्या जंतूंपुढची पहिली भिंत आहे. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू शोधला, पण प्रयोगशाळेतील प्राण्याला पटकी काही केल्या होईना. पुढे गिनी पिगच्या जठरातील आम्ल सोड्याने मारून आणि आतडे अफूने सुस्त करूनच ती घडवता आली. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत हीच गोष्ट आकड्यांत दिसली. आम्ल शाबूत असताना पटकी होण्यासाठी दहा हजार कोटींच्या घरात जंतू लागत. आधी बायकार्बोनेट पाजून आम्ल शमवले की दहा लाख, काही वेळा त्याहूनही कमी, पुरत. तटबंदीची किंमत ही अशी लाखपटीची आहे. ती पाडण्याची गोळी प्रतिजैविकांसोबत सवयीने लिहिली जाते, म्हणजे ज्या दिवसांत आतड्यातील हितकारक जंतूही मारले जात असतात, नेमक्या त्याच दिवसांत.

आम्लाची आणखी दोन कामे भारतीय ताटाशी जोडलेली आहेत. अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ जीवनसत्त्व मोकळे करायला आम्ल लागते. डाळी-भाज्यांतील लोह शोषण्याजोग्या रूपात यायलाही ते लागते. जेथे मोठी लोकसंख्या शाकाहारी आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, तेथे एका हाताने लोहाची गोळी आणि दुसऱ्या हाताने आम्ल मारणारी गोळी देणे याला उपचार म्हणावे की विसंगती? रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, सारा दोष या गोळीवर टाकता येणार नाही. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने हा हिशेब निदान एकदा करावा, ही अपेक्षा फार नाही.

गर्दीच्या ओपीडीत रुग्णामागे दोन मिनिटे मिळतात, तेथे हिशेब कसा करायचा, हा शेवटचा आक्षेप. तो खरा आहे आणि म्हणूनच तो डॉक्टरांपेक्षा व्यवस्थेला लागू होतो. प्रतिजैविकाने पोट बिघडते ते बहुधा आम्लामुळे नव्हे. साध्या पॅरासिटामॉलला आम्ल दाबणाऱ्या जोडीदाराची गरज नाही. ही दोन वाक्ये सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ती सांगितली जात नाहीत, कारण गोळी न देणारा डॉक्टर रुग्णाला निष्काळजी वाटतो. आणि तसे वाटते, कारण आम्ल हा शत्रू आहे असे रुग्णाला जाहिरातीने शिकवले आणि शाळेने त्याचे खंडन केले नाही.

उपाय अवघड नाहीत. पचनाचे प्रकरण अकरावीत आणि नीटमध्ये परत यावे, आणि येताना जीआयपीची नवी ओळख व जीएलपी-१ घेऊन यावे. प्रत्येक चिठ्ठीवर या गोळीपुढे दोन गोष्टी लिहिल्या जाव्यात: कशासाठी आणि किती दिवस. दीर्घकाळ घेणाऱ्यांची गोळी थांबवायची असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांतील जळजळ हा पूर्वीचा रोग उलटल्याचा पुरावा नसू शकतो हे रुग्णाला आधी सांगून. शेड्यूल एच चा इशारा वेष्टनावरून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत उतरावा. आणि विज्ञानवार्ताहरांनी पुढच्या इंजेक्शनची किंमत छापण्याआधी ते संप्रेरक शरीरात काय करते, ते एका परिच्छेदात लिहावे.

विद्यार्थ्यांसाठी तर प्रयोगशाळा घरातच आहे. आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात ती पट्टी बहुधा सापडेल. ती कोणी, कधी, कशासाठी सुरू केली आणि ती थांबण्याची तारीख कोणती, हे विचारावे. उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले, तर पुढच्या भेटीत तोच प्रश्न डॉक्टरांसमोर ठेवावा. अकरावीच्या पुस्तकातून जे काढून टाकले, ते निदान त्या प्रश्नापुरते परत येईल.